झोपून दिलेला जबाब

पंडित रोज सकाळी हप्त्याहप्त्यानं उठायचा. आधी कोपरावर यायचा. मग पाय बाजेखाली सोडून बसायचा, मुठी आवळायचा, सोडायचा, पावलं खालीवर करायचा. उशाशी ठेवलेलं तांब्याभर पाणी एका दमात प्यायचा. शेवटी खांबाला धरून उभा राहायचा, एका पायावर दुसरा आडवा टाकून. वत्सलाबाईचे हात तोवर परातीत असायचे आणि कान बाजेकडं. बाज करकरली की तिचा हात थांबायचा. खांबाजवळून "हं" असा आवाज आला की भाकरी पुढं फिरायची.

नांदूरघाटच्या अलीकडच्या त्या गावात दूध सोसायटीची डेअरी होती आणि पंडित तिथं दूध मोजून घ्यायचा. त्याआधी नवरा-बायको दर दिवाळीनंतर ऊसतोडीला जायची. डेअरीचं काम मिळालं आणि कोयता सुटला. डेअरीतही तो पायाला अढी घालूनच उभा राहायचा, म्हणून दुधाचा टेम्पो चालवणारा सिदू त्याला मुरलीधर म्हणायचा.

"मुरलीधर, बासरी कुठं ठिवली?"

"तुज्या टेम्पोत इसरली बे," पंडित म्हणायचा आणि माप ओतायचा.

दुखणं गुपचूप आलं होतं. आधी घाम थांबला. मे महिन्यात माणसं निथळत असताना पंडितचा सदरा कोरडा, आणि अंग तापलेल्या तव्यासारखं. मग उभं राहिलं की डोळ्यांपुढं अंधारी, मानेवर आणि खांद्यांवर जू ठेवल्यासारखी कळ. जेवल्यावर तर जास्तच. पोट साफ होईना, लघवी अडून राहायची. एकानं पित्त सांगितलं, दुसऱ्यानं अशक्तपणा, शेजारच्या चंद्रभागाबाईनं नजर काढली. ही सगळी दुखणी एकाच घरची आहेत, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

ते अंबाजोगाईच्या दवाखान्यात कळलं. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी पंडितचं ब्लडप्रेशर आधी झोपवून बघितलं, मग उभं करून. उभं केल्यावर ते धाडकन खाली आलं, आणि नाडी मात्र होती तशीच चालत राहिली.

"काका, आपण उभं राहिलो की रक्त पायात उतरतं," बाई म्हणाल्या. "तेव्हा आपल्याला न विचारता शरीर नसा आवळतं आणि रक्त वर ढकलतं. घाम आणणं, अन्न पुढं सरकवणं, लघवी सोडणं, हेही असंच न सांगता चालतं. हे सगळं बघणाऱ्या ज्या नसा असतात ना, त्या तुमच्या थकल्यात. स्वायत्त मज्जासंस्था म्हणतात तिला."

"बऱ्या हुतील का?" वत्सलाबाईनं विचारलं.

बाईंनी औषधाचा कागद पुढं ओढला. "सांभाळता येईल," म्हणाल्या. गोळ्या दिल्या. मीठ वाढवा, पाणी भरपूर प्या, हळूहळू उठा, उभं राहताना पायाला अढी घाला म्हणजे रक्त वर चढतं, बाजेच्या उशाकडच्या पायांखाली विटा ठेवा, उन्हात ओला टॉवेल वापरा. "आणि चक्कर आली की आधी आडवं करायचं. पाय वर. बसवायचं नाही, उभं तर नाहीच नाही."

भरपूर पाणी. ते साल असं, की गावात टँकर यायचा तोही चुकतमाकत. वत्सलाबाई जादा घागर भरायला लागली तशी टँकरभोवतीच्या बायकांतली छबुबाई बोललीच, "पंडितभाऊचं पोट हाय का हौद?" वत्सलाबाईनं घागर उचलली. स्वतःच्या वाटचं पाणी कमी केलं, आणि ओठ सुकले की पदर लावायची.

आणि मग पंडित डेअरीत पडला. रांगेतल्या दोघांनी काखेत हात घालून त्याला उभं केलं, शेडमधून चालवलं, तोंडावर पाणी मारलं. जेवढं उभं धरलं तेवढी त्याची मान लोंबत गेली, जीभ जड होत गेली. बघणाऱ्यांना त्यात एकच गोष्ट दिसली. सोसायटीचे संचालक सुंदरराव यांनी ती चारचौघांत बोलूनही दाखवली, की माणूस पितो, आणि सोसायटीच्या सभेत त्याला काढायचा विषय घेतला.

वत्सलाबाईचं मन थाऱ्यावर राहीना. डेअरी सुटली तर पुन्हा कोयता, आणि घाम न येणारा माणूस उसाच्या फडात एक दिवस टिकला नसता. ती दळण घ्यायची, ठेवून द्यायची, दाराशी जाऊन यायची.

सभा डेअरीच्या पत्र्याखालीच भरली. भादव्यातलं ऊन, आभाळ कोरडं. गाय वत्सलाबाईच्या नावावर होती, म्हणून सभासद ती होती. दाराजवळ तीन-चार बायकांत बसली.

"त्यानं उभं राहून सांगावं, काय ते," सुंदरराव म्हणाले.

बसूनच बोला, असं तिच्या ओठांवर आलं. पण पंडित एका झटक्यात उभा राहिला. ना खांब धरला, ना पायाला अढी घातली. भरसभेत बायकोनं तांब्या घेऊन धावावं, हे त्याला नको होतं.

"मी पीत न्हाई," तो म्हणाला. "मला जे हुतं ते..." पुढचा शब्द लांबला. चेहरा राखेसारखा झाला.

दोघंजण धावले. "धरा, उभा धरा त्याला."

"बगा. भर दुपारी," सुंदरराव म्हणाले.

"आडवं करा," वत्सलाबाई म्हणाली. कुणी ऐकलं नाही. तेव्हा ती सगळ्या वडीलधाऱ्यांमधून वाट काढत पुढं गेली, खाली बसली आणि नवऱ्याचे दोन्ही पाय धरून ओढले. पंडित आणि त्याला धरणारे दोघं, असे तिघं मिळून सतरंजीवर आले. तिनं एक रिकामा कॅन ओढला आणि त्यावर पंडितचे पाय टाकले.

थोड्या वेळानं पंडितनं डोळे उघडले.

"कुठवर आलतो मी?"

"पीत न्हाई, इथवर," मागून कुणीतरी म्हणालं, आणि हसू फुटलं.

"हां. तर पीत न्हाई. सुंदरराव, जवळ या, वास घ्या."

सुंदरराव जागचे हलले नाहीत. चेअरमन आबासाहेब मात्र गुडघ्यांवर हात टेकत खुर्चीतून उठले, सतरंजीवर बसले आणि पंडितच्या तोंडाशी वाकले.

"लसणाचा येतोय," ते म्हणाले. "बाकी कायी न्हाई."

"आबासाहेब, तुमी चेअरमन. पन सोसायटी चालवतंय कोन?"

"सेक्रेटरी. ते समद्यांला म्हाईत हाय."

"माज्या अंगातला सेक्रेटरी काम सोडून गेलाय. आता उटायचं तरी चेअरमनलाच समदं बगावं लागतंय. झोपलो की कारभार बरा चालतो." त्याचा आवाज आता स्वच्छ होता. "पिलेला मानूस आडवा टाकला म्हून शुद्धीवर येतो का, तुमीच सांगा."

"मग आता उटून दाखव," सुंदरराव म्हणाले.

"न्हाई दाखवनार," वत्सलाबाई म्हणाली. तिचा हात पंडितच्या पायांवरून निघाला नव्हता.

आबासाहेबांनी तिच्याकडं बघितलं, मग सभेकडं. "चेअरमनला खुर्ची लागते, तर दूध मोजनाऱ्याला कावून नको? खुर्ची द्या त्याला. पुढचा विषय."

पुढच्या उन्हाळ्यात गाया चारा छावणीत गेल्या, तशी डेअरीही छावणीच्या तोंडाशी गेली. डोक्यावर ओला टॉवेल टाकून पंडित खुर्चीत बसून दूध घ्यायचा. काम टिकलं, पण वत्सलाबाईचा जीव एका जागी टिकेना. तिचा खुर्चीवरही विश्वास नव्हता. काही ना काही निमित्त काढून ती दिवसातून कितीदा तरी तिकडून फेरी मारून यायची. "काय हरवलंय का तुमचं?" असं सिदू विचारायचा.

छावण्या उठल्या, गाया घरी आल्या. त्यानंतरच्या एका दुपारी, वत्सलाबाई चाऱ्याला गेलेली असताना, पंडित जेवून झोपला, तो झोपेतच गेला.

शेवटचं काय बोलले, असं भेटायला आलेल्या बायका विचारायच्या. वत्सलाबाई नुसतीच मान हलवायची. सांगायला तिला अवघड वाटायचं. शेवटचं बोलणं झालं ते त्या सकाळी डेअरीत, ती कॅन घेऊन रांगेत उभी असताना. पंडितनं तिचं दूध मशीनला लावलं, आकडा बघितला आणि इतर सभासदांकडं बघायचा तसंच तिच्याकडं बघितलं.

"वत्सलाबाई, फॅट उतरलंय. सरकी कमी पडती का तुमच्या गाईला?"