सालीखालची वाट

आंब्याची कोवळी डहाळी कापली की जो वास सुटतो, आंबटसर, राळेसारखा, नाकात झोंबणारा, तो मला अजून जागच्या जागी थांबवतो. काल वर्गात मुलांना खोड आतून कसं असतं ते दाखवायला डहाळी घेतली, पात्यानं तिरका छेद दिला, बोटांना चीक लागला आणि पुढं काय सांगायचं होतं तेच विसरले. मुलं वाट बघत राहिली. मी मात्र विंझरच्या अलीकडं एका शेतात, साल सोललेल्या आंब्यापुढं उभी होते.

आमचं घर पासलीच्या वर, डोंगराच्या खांद्यावर. भाताची एवढीशी खाचरं सोडली तर सगळी मदार शेरडांवर. उन्हाळ्यात वरचं पाणी आटलं की वडील शेरडं घेऊन खाली उतरायचे आणि कुणाच्या तरी शेतात वाडा बसवायचे. म्हणजे रात्रभर शेरडं त्या रानात जाळीच्या आत बसणार, लेंड्यांचं खत शेताला मिळणार आणि त्याच्या बदल्यात शेतमालक आम्हाला धान्य देणार. त्या धान्यावर आमचा पावसाळा निघायचा. एखाद्या साली ते कमी पडलं की आई आंबील इतकी पातळ करायची, की वाटीच्या तळाची नक्षी दिसायची. आम्ही ती नक्षी बघत जेवलो आहोत. हे सांगायला मला लाज वाटत नाही.

अशा घरातून मी भोरच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकायला गेले. वस्तीवर हसू झालं. "झाडं शिकायला भोरला जायला लागतं व्हय? हितं काय कमी हायेत?" खरं सांगायचं तर मलाही आतून तसंच वाटत होतं. झाड म्हणजे शेरडांचा पाला, चुलीचं सरपण, दुपारची सावली. त्यात शिकायचं काय? आणि मग एके दिवशी बाईंनी बांधावरचा साधा तेरडा उपटून लाल शाईच्या पाण्यात उभा केला. तास संपेस्तोवर त्याच्या पारदर्शक खोडात लाल रेघा वर चढल्या, पानांच्या शिरांत पसरल्या. मग त्या खोडाची पातळ चकती सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि मी डोळा लावला. काय सांगू तुम्हाला! लाल ठिपक्यांचं कडं होतं तिथं, एखाद्या गोंदणासारखं रेखीव. लहानपणापासून पायाखाली तुडवलेल्या तेरड्याच्या पोटात एवढी घडण असेल, असं कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

त्यानंतर मला चैन पडेना. मुळाच्या टोकाजवळचे ते केस, डोळ्यांना जेमतेम दिसणारे, पण मातीच्या कणाकणातून ओल ओढून घेणारे. पानाच्या पाठीवरची इवलीशी तोंडं, उघडणारी आणि मिटणारी. पान म्हणजे झाडाची चूलच की! ऊन हे तिचं सरपण. पाणी लाकडातून वर येतं, पानात अन्न शिजतं आणि ते अन्न सालीच्या आतल्या पातळ पदरातून खाली मुळांपर्यंत पोचतं. वर जायची वाट वेगळी, खाली यायची वेगळी. सुट्टीत घरी आले की खाचरात उतरून मी भाताचं मूळ मधोमध चिरून बघायची. आतून पोकळ! महिनोन्‌महिने चिखलात उभा राहूनही भात कुजत नाही, कारण वरची हवा त्या पोकळीतून खाली मुळांपर्यंत जाते. मी ओरडून आईला बोलावलं. तिनं बघितलं, म्हणाली, "व्हय गं, पोकळ हाय. आता आवणाची रोपं लाव."

दुसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यात मी सुट्टीला आले ती थेट खालच्या वाड्यावर. तिथं वडील हसत हसत म्हणाले, "थोडक्यात वाचलो." झालं असं होतं, की एका पहाटे शेरडं जाळीतून निसटली आणि त्यांनी बांधावरच्या आंब्याची साल कुरतडून खाल्ली. तो आंबा शेतमालकाच्या बायकोनं, आमच्या काकींनी, कोय लावून, कळशीनं पाणी घालून वाढवलेला. शेतमालकांना सगळे तात्या म्हणत. तात्यांनी आधी शिव्या घातल्या, मग खोडाला शेणमाती लिंपली आणि वडिलांना बजावलं, "झाड हिरवं हाय तवर ऱ्हावा. वाळलं तर वाडा उचलायचा, अन् परत या शिवारात पाय ठेवायचा न्हाई." याला बरेच दिवस होऊन गेले होते आणि आंबा हिरवागार होता.

मी शेणमाती थोडी खरवडली आणि खोडाभोवती फिरून बघितलं. साल एका बाजूनं नव्हे, गोल सगळीकडून गेली होती. वीतभर रुंदीचं उघडं लाकूड. आणि त्या पट्ट्याच्या वरच्या कडेला साल सुजून जाड झाली होती, कमरेला पदर खोचावा तशी.

"तात्या, हे झाड मरायला लागलंय," मी म्हणाले.

"आगं बये, पानं बघ की! तुज्या कॉलेजात हिरवं झाड मेलेलं म्हंत्यात का?"

"पाणी लाकडातनं वर चढतंय, म्हणून पानं हिरवी. पण पानांनी केलेलं अन्न सालीतनं खाली उतरतं. ती वाटच शेरडांनी खाल्ली. ही सूज बघा. खाली जायचं ते हितं येऊन तुंबलंय. मुळं उपाशी हायेत. साठवलेलं सरलं की ती पाणी ओढायची थांबतील."

वडील माझ्याकडं असे बघत होते, जणू मी घरच बुडवायला निघाले आहे. आणि एका अर्थी निघालेच होते. गप्प राहिले असते तर निदान तेवढा उन्हाळा निभला असता.

"मग आता?" तात्यांनी विचारलं.

"त्याच्याच डहाळ्या घेऊन खालच्या सालीपासनं वरच्या सालीपर्यंत पूल बांधायचा."

तात्या मोठ्यानं हसले. "बाप शेरडं राखतोय अन् लेक झाडाची डागदरीन! टाकं घालती का काय त्याला?"

तेवढ्यात काकी पुढं झाल्या. "घालू द्या की! झाड माजं हाय. तुमी कवा तांब्याभर पानी तरी घातलं व्हतं का त्याला?" तात्या बाजूला सरले.

मी हे आधी कधी केलेलं नव्हतं. बाईंनी एकदा फळ्यावर काढून दाखवलं होतं, तेवढंच. दुसऱ्या डहाळीला चीर गेली तेव्हा वडिलांनी पातं माझ्या हातातून काढून घेतलं. "तू सांग. म्या कापतो." करडाचा मोडलेला पाय कामट्या लावून बांधणारे हात ते, त्यांना किती आवळायचं आणि कुठं सैल सोडायचं, हे सांगावं लागलं नाही. मी एवढंच सांगत होते, की साल आणि लाकूड यांच्यामधला बुळबुळीत पदर त्या पदरालाच भिडला पाहिजे, नवी वाढ तिथूनच होते. आणि डहाळीचा बुडखा खालीच राहिला पाहिजे, उलटी लावलेली चालणार नाही. खोडाभोवती डहाळ्या बसवल्या, चपलेला मारतात तसले बारीक खिळे ठोकले, प्लॅस्टिकच्या पट्ट्या गुंडाळल्या, वर मेण ओतलं. "आता निसतं नारळ फोडायचं ऱ्हायलं," तात्या म्हणाले, पण जाताना आंब्याभोवती काट्यांचं कुंपण त्यांनीच केलं.

पुढचे महिने मी भोरला जीव मुठीत धरून काढले. वडिलांचा फोन आला की आधी आंबा, मग घर. दोन डहाळ्या वाळल्या. बाकीच्या हिरव्या राहिल्या. दिवाळीच्या आधी वडील म्हणाले, "काड्या जाड व्हायला लागल्यात गं," आणि मी वसतिगृहाच्या जिन्यातच नाचले! काड्या जाड होत होत्या म्हणजे अन्न खाली उतरत होतं. मुळं जेवत होती.

नंतर मी कितीदा तरी तो आंबा बघायला गेले. डहाळ्या आता मनगटाएवढ्या झाल्यात, एकमेकींना चिकटत चालल्यात. अजून काही वर्षांनी नवख्या माणसाला तिथं काही घडलं होतं हे कळणारही नाही. झाडाची जखम आपल्यासारखी भरत नाही. उघडं पडलेलं ते लाकूड तसंच आत राहतं आणि झाड त्याच्यावरून नवी वर्षं पांघरत जातं. आमच्या घरातले ते पातळ दिवसही असेच आत आहेत, असं मला वाटतं. ते कुठं गेलेले नाहीत. त्यांच्यावरून वाढ झाली, एवढंच.

आंबा जगला. पुढच्या उन्हाळ्यात वडिलांचा वाडा त्याच शेतात बसला आणि अजूनही बसतो. त्याच उन्हाळ्यात मी वनस्पतिशास्त्र घेऊन पदवीधर झाले. आमच्या वस्तीवरची मी पहिली.