उकड्या साळीचा कौल

लक्ष्मीबाईंच्या हातचा तांदूळ चांगला असतो, एवढं मी कबूल करते. बाकी त्यांच्या कुठल्याच गोष्टीवर माझा विश्वास नव्हता.

आमचं माकणी ज्वारीचं आणि सोयाबीनचं गाव. पण कालव्याचा पाझर लागून त्यांच्या शेताचा एक तुकडा बारमाही चिबड राहायचा. तिथं दुसरं काही येईना, म्हणून त्या साळ लावायच्या. माहेर कर्नाटकातलं, भाताच्या मुलखातलं, त्यामुळं हात बसलेला. साळ उखळात सडायची, पाखडायची आणि ओळखीच्या घरी द्यायची, हा त्यांचा उद्योग. मी शेजारीण. ब्लाऊज शिवते, आणि मशीनवर बसून बसून शुगर लावून घेतली आहे.

डॉक्टरांनी ब्राऊन राइस खा म्हटलं, तशी मी लोहाऱ्याहून महागाचं पाकीट आणलं. लक्ष्मीबाईंनी ते ताटात ओतलं, दाणे चिमटीत फिरवले आणि फिस्सकन हसल्या.

"शबनम, ह्यो उकडा हाय गं. पिवळा दिसला म्हणून ब्राऊन समजलीस व्हय?"

मग शिकवणी सुरू झाली. टरफलासकट साळ उकडायची, वाळवायची आणि मग सडायची, की झाला उकडा. तो पिवळसर दिसतो, पण त्याचा कोंडा राहिलेला असेलच असं नाही. ब्राऊन म्हणजे नुसतं वरचं टरफल काढलेला, कोंडा जागच्या जागी. म्हणून तो शिजायला वेळ खातो आणि ठेवला की लवकर खवट होतो. हातसडीचा या दोघांपेक्षा वेगळा, मुसळाच्या मारानं त्याचा कोंडा थोडा जातो, थोडा राहतो. लाल तांदळाची लाली कोंड्यातच असते, घासला की तोही पांढरा. माझ्या भाचीनं काळा तांदूळ पाठवला तेव्हा मात्र बाई फसल्या. धुतल्यावर पाणी जांभळं झालं, तर "रंग लावलाय मेल्यांनी" म्हणून त्यांनी तो कोंबड्यांना टाकला. तो रंग त्याचा स्वतःचाच असतो, हे सांगून मी थकले. ऐकतील तर शपथ!

त्यांची खरी परीक्षा निराळीच होती. पेरणीआधी सोयाबीन उगवेल का हे बघायला आपल्याकडं दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतात. लक्ष्मीबाई तांदूळ तसा ठेवायच्या. घासून पांढरा केलेला तांदूळ नुसता आंबायचा. हातसडीच्या ज्या दाण्यांचं टोक शाबूत असेल, त्यांना मोड यायचे. "ह्यो जित्ता," त्या म्हणायच्या. उकड्याला मोड येणं शक्यच नव्हतं. "एकदा शिजलेलं मढं ते, कुठून उठंल?" हे त्या इतक्या सहज बोलायच्या की माझ्या अंगावर काटा यायचा, आणि रागही यायचा. खायच्या वस्तूला मढं काय म्हणायचं!

त्यांचे मालक बब्रुवानकाका जुने ट्रक ड्रायव्हर. मंगळूरच्या फेऱ्या करताना त्यांना उकड्या भाताची चटक लागली होती. घरात तो खाणारे ते एकटेच. त्यांच्यासाठी लक्ष्मीबाई स्वतः साळ उकडायच्या आणि तो तांदूळ वेगळ्या डब्यात ठेवायच्या.

गेल्या वर्षी काका गावाजवळच्या धरणाच्या कडेला पाण्याची मोटार बघायला गेले आणि परत आले नाहीत. मोटार चालू होती, पाणी पाटानं वाहत होतं, माणूस तेवढा नव्हता. मासेमारांनी जाळी टाकून तळ चाळला, काही लागलं नाही. कुणी म्हणालं बुडाले. कुणी म्हणालं, कुठल्यातरी ट्रकात बसून गेले असतील, न सांगता जायची त्यांची जुनी खोड.

यात अडकलं ते वैष्णवीचं लग्न. त्यांची एकुलती एक पोर, सोयरीक झालेली. बाप गेला म्हणावं तर दिवस घातलेले नाहीत, आहे म्हणावं तर कुठं आहे? दीर बलभीम म्हणायचे, पुतळा करून अग्नी देऊ, दिवस घालू आणि मोकळं होऊ. लक्ष्मीबाई मानेनात. रोज त्या काकांपुरता उकडा भात शिजवायच्या, झाकून ठेवायच्या आणि दुसऱ्या दिवशी गाईला घालायच्या. एकदा ताटावरचं झाकण काढताना मी तिथंच होते. भाताच्या मधोमध खळगा होता, वरण घ्यायला आपण बोटांनी करतो तसा. लक्ष्मीबाईंनी ताट उचललं आणि गाईकडं नेलं.

उन्हाळा लागला तसा मुलाकडच्यांचा निरोप आला, की आता नाही तर आम्ही दुसरीकडं बघतो. वैष्णवी दिवसभर रडली. तेव्हा लक्ष्मीबाई दिराला म्हणाल्या, "कौल लावते. मग तुम्ही म्हणाल तसं करू."

त्यांच्या माहेरची ही रीत. माणसाचा ठावठिकाणा लागेना, की त्याच्या खाण्यातलं धान्य त्याच्या नावानं ओल्या गोणपाटात ठेवायचं. मोड आले तर माणूस आहे. नाही आले तर दिवस घालायचे. भावकीनं मान डोलावली. मला हे सगळं खुळचटपणाचं वाटत होतं, तरी दाणे घ्यायला त्या कोठीत गेल्या तशी मी मागोमाग गेले.

हातसडीच्या पिंपाकडं त्यांनी बघितलंसुद्धा नाही. काकांचा डबा उघडला.

"काकू, हा तर उकडा," मी म्हणाले.

"त्येंच्या खाण्यातला ह्योच न्हाय का?" त्या माझ्याकडं न बघता बोलल्या. मग हळूच म्हणाल्या, "म्याच उकडलाय. मोड येणार न्हाय, मला ठावं हाय. पोरीचं लगीन होऊ दे, शबनम. म्या लई थकले. रोज ताट वाढून वाढून थकले."

मला बरं वाटलं. बाईंना शेवटी अक्कल आली म्हणायची! दाणे पसरून त्यांनी काकांचं नाव घेतलं, गोणपाट गुंडाळलं आणि कोठीला कुलूप घातलं. किल्ली स्वतःच्या कमरेला. त्याच आत जायच्या, पाणी शिंपडायच्या आणि बाहेर यायच्या.

ठरल्या दिवशी भरदुपारी भावकी ओसरीवर जमली. लक्ष्मीबाईंनी गुंडाळी आणून सगळ्यांसमोर सोडली. बलभीम पुढं वाकले आणि तसेच मागं सरकले.

प्रत्येक दाण्याला मोड आला होता. एकही सुटला नव्हता. पांढरे, बोटाच्या पेराएवढे, सगळे एकाच अंगाला वळलेले, धरणाच्या. कोठीचं दार त्या बाजूला आहे, उजेडाकडं वळले असतील, असं मी मनात म्हटलं. पण गोणपाटाच्या गुंडाळीत उजेड कुठला? हातसडीचे दाणे मिसळले असतील म्हणून मी एक दाणा उचलून नखानं दाबून बघितला. पिवळसर, काचेसारखा. उकडाच होता. मी तो खाली टाकला आणि बोटं पदराला पुसत राहिले.

"आप्पा हायेत!" वैष्णवी किंचाळलीच. हसत होती, रडत होती, लग्नाचं भानही तिला उरलं नव्हतं. भावकी एकेक करून उठली. जाताना बलभीम चपला घालायचंही विसरले.

लक्ष्मीबाई मात्र जागच्या हलल्या नव्हत्या. मला भीती वाटत होती, तरी त्यांना धीर द्यावा म्हणून मी जवळ बसले. म्हटलं, "काकू, चांगलंच झालं की. काका आहेत म्हणायचे."

त्यांनी माझं मनगट धरलं. मे महिन्याच्या त्या उन्हात त्यांचा हात गार होता.

"म्या त्येंना मेलेलं मागितलं, शबनम," त्या म्हणाल्या. "अन् त्येंनी ते ऐकलं."