जावयाने गोळा केलेली चाळीस मतं

माझी बायको ग्रामपंचायतीच्या निवडणुकीला उभी नाही, हे मला एकदा चाळीस घरी जाऊन सांगावं लागलं. चूक सर्वस्वी माझी होती. ती कबूल करून टाकावी म्हणून हे लिहितोय.

माझी भाची मृणाल सामाजिक मानसशास्त्रात पीएच.डी. करते. माणसांची राजकीय मतं कशी बनतात आणि प्रश्न विचारण्याच्या पद्धतीमुळे उत्तरं कशी बदलतात, हा तिचा विषय. शहरातले फॉर्म भरून झाले होते, कारखान्यांच्या कडेला असलेल्या एखाद्या जुन्या गावातले चाळीस राहिले होते. ते पंधरा दिवसांत मिळाले नाहीत तर प्रबंधातलं एक अख्खं प्रकरण गळणार आणि वर्ष वाया जाणार, असं तिच्या मार्गदर्शक बाईंनी बजावलं होतं. आमच्या चिखलीच्या घरी पोहे खाता खाता ती हे सांगत होती. अनोळखी मुलीशी गावात कोणी धड बोलतच नाही, म्हणून अगदी रडकुंडीला आली होती.

मला रडकुंडीला आलेलं माणूस बघवत नाही. मी म्हणालो, "माझी सासुरवाडी निघोज्याची. रविवारी जातो आणि चाळीस फॉर्म घेऊन येतो."

"मामा, प्रश्न विचारणारा ओळखीचा असला की उत्तरं बिघडतात."

"अगं, मी वीस वर्षं चाकणच्या कारखान्यात क्वालिटी तपासणीत आहे. फॉर्म कसा भरायचा ते मला शिकवतेस?"

(हे वाक्य मी परत घ्यायला तयार आहे, पण तिने ते वहीत टिपून ठेवलंय.)

नाइलाजाने तिने मला तयार केलं. प्रत्येक विधान जसंच्या तसं वाचायचं. मान डोलवायची नाही. 'बरोबर' म्हणायचं नाही. समोरच्याने 'पूर्ण सहमत' ते 'पूर्ण असहमत' या पाचांपैकी एक उत्तर द्यायचं, आपण त्यावर टिक करायची. मी सगळं लिहून घेतलं. दार उघडल्यावर पहिलं वाक्य काय बोलायचं, एवढं मात्र विचारायचं राहिलं.

रविवारी सकाळी आठ वाजता पहिल्या दारात मी चप्पल काढली, हात जोडले आणि म्हणालो, "मतं घ्यायला आलोय."

माझ्या डोक्यात मत म्हणजे विचार. पण निवडणूक तोंडावर आलेल्या गावात मत म्हणजे एकच गोष्ट असते. हे मला कळायला हवं होतं, कारण वेशीपासून फ्लेक्सच्या खालून वाकत वाकतच मी आलो होतो! त्यातल्या एकावर माझ्या मेहुण्याची बायको रेखावहिनी 'भावी सदस्या' म्हणून माझ्याकडे बघून हात जोडत होत्या. मी त्यांना नमस्कारही केला होता.

पहिल्या घरातले नाना उठून बसले. "व्हय, देऊ की. जावयाला न्हाई कोण म्हणंल?"

मी आभार मानून पहिलं विधान वाचलं. गावाचे निर्णय एकाच कणखर माणसाने घ्यावेत. नाना म्हणाले, पूर्ण सहमत. सातवं विधान होतं, गावाचे निर्णय सगळ्यांनी मिळून घ्यावेत. नाना म्हणाले, पूर्ण सहमत. दोन्ही एकदम कसं जमायचं, हे विचारावंसं वाटलं, पण नियम म्हणजे नियम. मी टिक केली. मग चहा आला. चहाबद्दल नियमात काही नव्हतं.

दुसऱ्या घरी पूर्ण सहमत आणि चहा. तिसऱ्या घरी पूर्ण सहमत, चहा आणि शिरा. दहाव्या घरापासून तर मी वाचायला तोंड उघडायच्या आत 'पूर्ण सहमत' यायला लागलं. एका घरी 'राजकारणी लोकांवर विश्वास ठेवता येतो' याला नवरा पूर्ण सहमत झाला आणि बायको तोंडाला पदर लावून आत पळाली. (हसण्यासाठी फॉर्ममध्ये रकाना नव्हता.)

संध्याकाळी सहाला चाळीस फॉर्म आणि पोटात बावीस कप चहा घेऊन मी मोटारसायकलवर बसलो, तेव्हा माझ्याइतका सुखी माणूस अख्ख्या एमआयडीसीत नसेल. चाळीस फॉर्म, एकसारखे! आमच्या कंपनीत ओळीने चाळीस नगांचं माप केसभरही न हलता एकच आलं, तर आम्ही आधी मोजायचा गेज बिघडलाय का ते बघतो. पण त्या दिवशी गेज मी स्वतः होतो, त्यामुळे तपासायचं सुचलं नाही.

इकडे गावाने हिशोब मांडला होता. वॉर्ड महिलांसाठी राखीव. म्हणजे दाजी स्वतः उभे राहू शकत नाहीत. मग मतं मागतात ती कोणासाठी? उघड आहे, सुनंदासाठी. सुनंदा म्हणजे माझी बायको. तिचं नाव अजून माहेरच्याच मतदार यादीत होतं, कारण ते बदलून घ्यायचा अर्ज माझ्याकडे होता आणि तो मी लग्नापासून 'या आठवड्यात देतो' म्हणत होतो. थोडक्यात, अफवा कायदेशीरदृष्ट्या निर्दोष होती.

मी घरी पोचून चप्पल काढतोय तोवर मेहुण्याचा, दत्ताचा, फोन आला.

"दाजी, घरात बसून सांगितलं असतं तर आमी रेखाचा अर्ज मागं घेतला असता. पण आमच्याच गावात, आमच्याच लोकांचा चहा पीत, आमच्याच विरोधात फिरायचं?"

"दत्ता, अरे, मी फक्त लोकांचा राजकीय कल बघत होतो."

"तेच म्हणतोय मी."

सुनंदाने माझ्या हातून फोन घेतला. बराच वेळ ऐकलं, ठेवला आणि शांतपणे मला विचारलं, "माझं चिन्ह काय आहे, तेवढं तरी सांगा."

पुढच्या रविवारी मी पुन्हा तीच चाळीस घरं घेतली. आता हात जोडून म्हणत होतो की कृपा करून हिला मत देऊ नका. पण नवरा जितका कळवळून नको म्हणतो तितका गावाला तो विनय वाटतो. एका आजींनी तर माझ्या पाठीवर हात ठेवून सांगितलं, लाजू नका, आमचं ठरलंय. शेवटी सुनंदालाच बोलावून आणावं लागलं. ती दारात उभी राहून दोनच वाक्यं बोलायची, "मी उभी नाही. हे असेच आहेत." दुसऱ्या वाक्यावर लोकांचा लगेच विश्वास बसायचा, मग पहिल्यावरही बसायचा. रेखावहिनी पुढे निवडून आल्या, म्हणून मला अजून सासुरवाडीत ताट मिळतं.

पण मृणालचं प्रकरण तसंच होतं. तिने फॉर्म चाळले. पुन्हा चाळले.

"मामा, खरं सांगा. तुम्हीच घरी बसून भरलेत ना हे?"

हे मात्र लागलं. मी तिला समजावलं की बाई, यात खोटं काही नाही. गावात जावयाचा मान असतो, त्याला कोणी नाही म्हणत नाही. हे सगळं आदरापोटी झालं. तिने ते शब्द मार्गदर्शक बाईंच्या कानावर घातले. बाईंनी आठ दिवस वाढवून दिले आणि सांगितलं, पुन्हा जा, आणि लोक असं का वागले तेही विचार.

या वेळी मृणाल स्वतः गेली. 'दाजींनी जिच्यापायी घोळ घातला ती पोरगी' म्हणून आता सगळे तिला ओळखत होते आणि आपण होऊन दारं उघडत होते. तेच प्रश्न, तीच घरं. उत्तरं चाळीस तऱ्हेची आली. दोन घरांत तर नवराबायकोचं जुंपलं. प्रकरण वाचलं, वर्ष वाचलं, आणि मी देवापुढे साखर ठेवली.

एवढ्यावर थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण मी तिला विचारलं की शेवटचा प्रश्न विचारलास ना, आदराचा?

तिने कागद उलटला. जावयाचा मान म्हणून सहमत झालो, असं तीन घरांनी सांगितलं होतं. बाकी सगळ्यांचं कारण थोड्याफार फरकाने एकच होतं. सहमत म्हटलं की दाजी पुढं सरकत्यात. मधे काही बोललं की बसून राहत्यात.

प्रबंधात तिने माझी ओळख गुप्त ठेवलीय. तिथे फक्त 'प्रश्नकर्ता, गावचा जावई, वय बावन्न' एवढंच आहे. निघोज्यात मात्र माझ्या मोटारसायकलचा आवाज आला की लोक आता चहा टाकत नाहीत, कडी लावतात.