आत्याचा सोडा

औषधांच्या वासात कुठून लिंबाचा वास मिसळला, की मला अंबडचं ते मेडिकल आठवतं. मालकानं दुकानाच्या दारातच गोटी सोड्याचं गाडं लावलं होतं आणि कोर्टात आलेली माणसं बाकड्यावर बसून सोडा प्यायची. मी आठ वर्षांची असेन. वडिलांची धाकटी बहीण, माझी आत्या, मला घेऊन आजोबांचं औषध न्यायला आल्ती. उन्हानं जीव कासावीस झाला म्हणून तिनं दोन सोडे मागितले. मालक म्हणाला, "बायांनी हितं न्हाई प्यायचं. मागं गोदामात जा." आत्यानं आत डोकावलं, तर रिकामी खोकी अन् उंदरांचा वास. "का? हितं बसून प्यालं तर काय बिघडतंय?" म्हणत ती बाकड्यावर बसली, मलाही शेजारी बसवलं. गोटी दाबली, फस्सकन फेस वर आला. थंडगार सोडा ती घटाघट प्याली आणि सोड्यानं येतोच तसा तिला मोठा ढेकर आला. माणसं खदाखदा हसली. आमच्या एसटीआधी बातमीच घरी पोचली. "बाईमाणूस असून चार लोकांत ढेकर देती?" वडील कडाडले. आत्या मान खाली घालून उभी. मी पुढं होऊन म्हणाले, "मीच दिल्ता!" वडील हसले. "तू लहान हायस. तुला चालतंय." मंग आत्याला पुन्हा कधी अंबडला पाठवलं नाही. त्याच संध्याकाळी जेवून उठताना वडिलांनी गल्लीला ऐकू जाईल असा ढेकर दिला. आज मी आत्याच्या तेव्हाच्या वयाहून मोठी आहे, पण माझा तो राग अजून गेलेला नाही.