कोणाचाच नसलेला नोटार

नागेश नेर्लेकरांना जर्मनीत, एर्लांगेनमध्ये येऊन पंधरा वर्षं झाली होती, आणि एवढ्या काळात त्यांना एकाही माणसाने फसवलं नव्हतं. ही गोष्ट त्यांना संशयास्पद वाटे.

नोकरीही स्वभावाला साजेशीच मिळालेली. वैद्यकीय यंत्रं बनवणाऱ्या कंपनीच्या तपासणी विभागात होते. बाकीच्यांनी ‘ठीक आहे’ म्हटलेल्या यंत्रात काय ठीक नाही, ते शोधायचं. माणसांसाठीही त्यांची रीत तीच. एकच प्रश्न तीन वेगवेगळ्या शब्दांत विचारायचा. उत्तर तिन्ही वेळा तेच आलं, तर माणूस पास. घरातल्यांनाही यातून सूट नव्हती.

याला कारण होतं. त्यांच्या वडिलांनी साताऱ्याला घेतलेला प्लॉट आधीच दोघांना विकलेला निघाला, आणि कागद करणारा वकील विकणाऱ्याचा साडू. तेव्हापासून जमीनजुमल्याचा विषय निघाला की नेर्लेकरांकडे पहिला प्रश्न ठरलेला : वकील कोणाचा?

त्यामुळे हेर, म्हणजे श्रीयुत, लिंडनर या एकट्या, वयस्कर गृहस्थांचं घर बायकोच्या, कुंदाच्या मनात भरलं, तेव्हा नागेशरावांनी भिंतींआधी माणसांची चौकशी सुरू केली. कुंदाला घर हवंच होतं. खालच्या मजल्यावरच्या घरमालकीणबाई फोडणीचा वास आला की जिन्यात येऊन नुसत्या उभ्या राहत, काही बोलत नसत, आणि ते न बोलणं कुंदाला आता सोसवेना. एर्लांगेनमध्ये घर मिळणं मुश्कील. लिंडनरांकडे दुसरं एक कुटुंब रांगेत होतंच; सह्या लांबल्या तर घर त्यांना, हे त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं.

“नोटार कोण धरणार आहात?” मित्र भास्करने फोनवर विचारलं. त्याचं घर घेऊन झालं होतं, त्यामुळे सल्ले तयार होते.

“एजंटने एक सुचवलाय. म्हणजे तो कटाप.”

“अरे नाग्या, इथला नोटार म्हणजे कोर्टाबाहेर टेबल टाकून शिक्के मारणारा नव्हे. घराचा करार त्याच्याशिवाय होतच नाही. आणि तो कोणाचाच नसतो. ना तुझा, ना त्याचा.”

“पैसे कोण देतं त्याला?”

“तू.”

“मी देणार, आणि तो माझा नाही?”

“गेनाऊ! अगदी बरोबर!”

“आणि दुसरा स्वस्त मिळाला तर?”

“फी कायद्याने ठरलेली. सगळीकडे सारखीच.”

“म्हणजे सगळे मिळालेले आहेत,” नागेशराव म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

एजंट आणि त्याने सुचवलेला नोटार एकाच नेमबाजी मंडळाचे सभासद निघाले. गावच्या दुसऱ्या नोटारची तारीफ लिंडनरांनीच केली. तोही बाद. अखेर शेजारच्या फ्युर्थ गावच्या फ्राऊ ह्युब्नर, म्हणजे ह्युब्नरबाई, ठरल्या. त्यांच्याबद्दल कोणीच काही चांगलं बोललं नव्हतं, एवढी एक जमेची बाजू होती.

त्यांची परीक्षा घ्यायला नागेशरावांनी फोन केला. करारात थोडं आपल्या बाजूने झुकतं लिहिता येईल का, म्हणून विचारलं.

“नाही,” फ्राऊ ह्युब्नर म्हणाल्या.

तीन प्रकारे विचारून झालं. तिन्ही वेळा नाही.

“बघा, पास झाल्या की तुमच्या रीतीने,” कुंदा म्हणाली.

“किंवा लिंडनरने माझ्याआधी फोन केला असेल.”

“अहो, तुम्हाला नोटार हवाय की साडू?”

सहीच्या दिवशी चौघे टेबलाभोवती बसले. इथली पद्धत अशी, की नोटारने अख्खा करार मोठ्याने वाचून दाखवायचा, त्याशिवाय सही नाही. फ्राऊ ह्युब्नर वाचू लागल्या. सत्यनारायणाच्या पूजेत गुरुजी उरकत नेतात तसा एकसुरी, न थांबणारा आवाज. गुरुजी भरभर म्हणू लागले की काहीतरी गाळतात, असा नागेशरावांचा लहानपणापासूनचा अनुभव. त्यांनी हात वर केला.

“म्हणजे काय?”

बाईंनी समजावलं. पुढच्या वाक्याला पुन्हा हात. “म्हणजे नक्की काय?” मग मागच्याच कलमावर, शब्द बदलून. अर्थ त्यांना चांगला ठाऊक होता. मसुदा त्यांनी आठवडाभर बारकाईने वाचला होता. बाई उत्तर बदलतात का, एवढंच पाहायचं होतं.

बाईंनी उत्तर बदललं नाही. त्यांनी कागद खाली ठेवला.

“हेर नेर्लेकर, तुम्हाला जर्मन पुरेसं समजत नाही असं मला दिसतंय. अशा वेळी दुभाष्याशिवाय मी पुढे जाऊ शकत नाही. आपण नवी तारीख घेऊ. पुढच्या महिन्यात.”

कुंदाने नवऱ्याकडे पाहिलं. ती काही बोलली नाही. अगदी घरमालकीणबाईंसारखी.

“पुढच्या महिन्यापर्यंत मी नाही थांबणार,” लिंडनर म्हणाले. मग त्यांनी इतका वेळ गिळून ठेवलेलं बोलून टाकलं. “या गृहस्थांनी दोन नोटार नाकारले, स्वतःचा आणला. आता म्हणतात, समजत नाही. उद्या पैसे न देताच भारतात निघून गेले तर?”

नागेशरावांचे कान लाल झाले. आयुष्यभर त्यांनी लोकांवर संशय घेतला होता. आपल्यावर कोणी घेईल हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं.

“मी? पळून जाईन?”

“मला काय माहीत? मी तुम्हाला ओळखत नाही.”

हे वाक्य बिनतोड होतं. नागेशराव स्वतः ते अनेकदा वापरत.

“फ्राऊ ह्युब्नर,” ते सावकाश जर्मनमध्ये म्हणाले, “मला सगळं समजतं. मी तुम्हाला तपासत होतो. सांगू का काय समजलं ते?”

“सांगा.”

“घर माझ्यासाठी राखल्याची नोंद जमिनीच्या सरकारी दप्तरात आधी होणार, म्हणजे यांना ते दुसऱ्या कोणाला विकता येणार नाही. ती झाली की पैसे भरा असं तुम्ही कळवणार. तोवर मी एक सेंट देणार नाही. आणि सगळे पैसे पोचल्याची खात्री झाल्याशिवाय तुम्ही घर माझ्या नावावर चढवणार नाही. म्हणजे यांना मी फसवू शकत नाही, मला हे फसवू शकत नाहीत.” ते थांबले. पुढचं त्यांनाही आत्ताच समजत होतं. “आल्झो, म्हणजे तुम्ही कोणाच्याच नाही म्हणूनच हे जमतं.”

फ्राऊ ह्युब्नरनी कागद पुन्हा हातात घेतला.

“दुभाष्याची गरज नाही,” त्या म्हणाल्या. मग लिंडनरांकडे वळल्या. “तुम्हाला समजलं?”

“आता समजलं,” लिंडनर म्हणाले. “तुमच्या वाचण्यातून नव्हतं समजलं.”

उरलेला करार वाचून झाला. नागेशरावांचा हात दोनदा उचलला गेला. दोन्ही वेळा कुंदाने तो टेबलाखाली ओढला. सह्या झाल्या.

बाहेर फुटपाथवर लिंडनरांनी हात पुढे केला. “शनिवारी या. तळघरातला बॉयलर दाखवतो. तो जरा लहरी आहे.”

“येतो,” नागेशराव म्हणाले. मोकळ्या मनाने, एकही उलट प्रश्न न विचारता.

बस आली तेव्हा कुंदा म्हणाली, “अहो, बॉयलर लहरी आहे हे त्यांनी सही झाल्यावरच का सांगितलं?”