चुन्याची टिकली

वैजीनाथचा मला आजही राग येतो आणि तो लपवायचं काही कारण नाही.

त्याची आई बायनाबाई पिंगळीहून सकाळच्या पॅसेंजरनं परभणीला भाजी विकायला जायची. नवरा गेल्यावर याच धंद्यावर तिनं पोराला शिकवलं. तिला स्वतःला ना अक्षर कळे, ना आकडा. पण भिंतीवरच्या चावीच्या घड्याळाच्या काचेवर तिनं चुन्याची टिकली लावली होती. पहाटे कोंबडं आरवल्यावर मोठा काटा टिकलीखाली आला की भाजीची पाटी डोक्यावर आणि बाई स्टेशनच्या वाटेला.

सत्त्याऐंशी साली वैजीनाथ परभणीत कारकून झाला. पहिल्याच पगारात लायटीवर चालणारं, लाल आकड्यांचं घड्याळ घेऊन आला. जुनं परभणीतल्याच भंगारवाल्याला देऊन टाकलं. आईला विचारलंसुद्धा नाही.

दुसऱ्या पहाटे बाई त्या लाल आकड्यांपुढं नुसती उभी राहिली.

"वैजू, किती वाजले रे?"

"झोपू दे की आय. सारखं काय इचारायलीस?"

गाडी गेली. मेथी ओसरीवर सुकली. बाईनं जुनं घड्याळ परत मागितलं तेव्हा खरं बाहेर आलं. "आता कशाला जातीस बाजारात? माह्या हापिसातले लोक बघायलेत. गप घरी बस." बायकोलाही त्यानं दम दिला, "कोकिळा, आयला पाटी उचलू लागलीस तर बघ." भरलेली पाटी एकटीला डोक्यावर घेता येत नाही, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. आईच्या पैशानं शिकून हा एवढा कावा शिकला!

बाई रडली नाही, भडकली. नवं घड्याळ भिंतीवरून उपटलं, पदराखाली धरलं आणि मिळेल त्या गाडीनं परभणी गाठली. भंगारवाल्यानं तिचं घड्याळ स्वतःच्याच दुकानात टांगलं होतं. टिकली जागच्या जागी होती.

"मावशी, नवं देऊन जुनं नेता?" तो हसला.

"मुकाट्यानं काढ."

संध्याकाळी वैजीनाथनं घर डोक्यावर घेतलं. लोकांत तोंड दाखवायची सोय ठेवली नाहीस म्हणाला. बाई घड्याळाला चावी देत होती. "तुह्या शाळेच्या फिया ह्याच पाटीतून भरल्या. तवा लाज वाटली न्हाई? परत ह्याला हात लावलास तर हात मोडून ठिवीन."

पहाटे काटा टिकलीखाली आला. भरलेल्या पाटीपाशी बाई उभी राहिली. हाक मारली नाही.

"कोकिळा, उठू नको," वैजीनाथ पांघरुणातून म्हणाला.

कोकिळा उठली. त्याच्या देखत तिनं पाटी सासूच्या डोक्यावर दिली.