बांगड्याच्या कालवणाचा वास

“कुठचे तुम्ही?” असं विचारता विचारताच ते समोरच्याला खुर्ची सरकवत. दुकान माझं, शिलाईचं, पण रत्नागिरीतल्या माझ्या गिऱ्हाइकांच्या गावांची चौकशी ते करत. तुमच्याही आळीत असा एखादा असेल, ज्याला माणूस परका राहिलेला सोसत नाही.

आमच्या आळीतल्या या गृहस्थांनी सारा जन्म बोटीवर कुक म्हणून काढला. बोट बंदराला लागली की ते तिरफळं घालून बांगड्याचं कालवण करत आणि किचनचं दार सताड उघडं ठेवत.

“वासावर यायची ओ आपली माणसं,” ते सांगत. रॉटरडॅमला मंडणगडचा वायरमन आला. डर्बनला त्यांच्या शाळेतल्या बाईंचा जावई. सिंगापूरला तर शेजारच्या बोटीवरचा एकजण जेवायला बसला आणि सख्खा साडू निघाला. एकमेकांच्या लग्नाला दोघांनाही सुट्टी मिळाली नव्हती. आम्ही पोट धरून हसायचो.

पण तो वास साडवासाठी नव्हता. त्यांचा धाकटा भाऊही बोटीवर होता. परदेशात कुठल्याशा बंदरात उतरला तो परतलाच नाही. ते कालवण त्याच्या आवडीचं. हे सुट्टीवर आले की बॅग टेकायच्या आत आई विचारी, “गावला काय रे?”

“नाय गो आये.”

म्हातारी त्या प्रश्नावरच जगत होती. ती गेली. तेरावं झाल्यावर ते दुकानात आले. गिऱ्हाईक बसलं होतं, पण त्याला काही विचारलं नाही. गिऱ्हाईक गेल्यावर म्हणाले, “गावला होता मला तो. बार्सिलोनाला. वासावरच आला.”

मी कात्री खाली ठेवली.

“आयेनं जुळवलेली इथली सोयरीक मोडून तिथंच संसार मांडलान. पोटभर जेवला, पण पत्ता दिलान नाय. मग माझा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवलान नि शपथ घातलीन, आयेला सांगू नको म्हणून. मोडली असती नि त्याला काय झालं असतं तर?”

त्यानंतरही कितीतरी सुट्ट्यांत आईनं विचारलं होतं आणि हे “नाय गो” म्हणत आले होते. मला त्यांचा राग आला, आणि त्यांच्याकडे बघवेनाही.

यंदा शिमग्यानंतर ते गेले. भावाला कळवावं म्हणून मी घरात चौकशी केली, पण तो जिवंत आहे हेच तिथं कुणाला ठाऊक नव्हतं. तो मात्र तिकडे समजत असेल, दादा आहे, आणि आईही.